पाटल्या सापडल्या

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, “ताई, तुमच्या कामाच्या आठवणी लिहून द्या.” मी पहिला प्रश्न विचारला, माझं नाव कुणी सुचवलं? ते म्हणाले, काशीतल्या मराठी माणसांवर एक विभाग करतोय. म्हटलं, मग रामघाटावरचे एखादे वैदिक गाठा, हवे तेवढे मिळतील. “ते झाले,” म्हणाले, “आता काहीतरी वेगळं हवंय.” म्हणजे पंगत उठल्यावर उरल्यासुरल्यात मी. चालेल. पण लिहीन ते माझ्या पद्धतीनं, आणि सगळ्यांची नावं बदलून. ज्याचं खरं नाव छापून येतं तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. घरचे म्हणतात हा स्वभाव आहे. मी म्हणते, ही धंद्यानं लावलेली सवय आहे. आमच्या वेळी कॉम्प्युटरला रोग व्हायचा तो फ्लॉपीतून. कुणाचीही फ्लॉपी असो, अगदी मालकाच्या मेव्हण्याची असो, ती दारात अडवायची, तपासायची, मगच आत घ्यायची. बाहेरून आलेल्याला आई जशी पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही, तसंच. एवढं करूनही मशिनं आजारी पडायची, आणि मग फ्लॉपी कुणी आणली याचा शोध सुरू व्हायचा. कुणीच आणलेली नसायची.

तर काम. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी चित्रकलेची पदवी घेतली होती आणि दूधविनायकाच्या गल्लीतल्या मुलीनं त्या पदवीचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत जागा नव्हती. चौकाच्या अलीकडे एका फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर गुप्ताजींचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथं नोकरीला लागले. सकाळी क्लास, आणि अकरा वाजले की तीच मशिनं तासाच्या भाड्यानं गेम खेळायला. गुप्ताजींच्या घरात पिढीजात साड्यांचा व्यापार. मशीन मिनिटभर रिकामं बसलं तरी त्यांच्या पोटात कळ यायची. एकच गेम पोरं किती दिवस खेळणार? ती समोरच्या गल्लीत जायला लागली. तेव्हा गुप्ताजी मला म्हणाले, “बिटिया, तुम तो पेंटर हो. इसी गेम को दूसरा बना दो.” तिथून माझ्या खऱ्या नोकरीला सुरुवात झाली. मी गेममधले सुपरहीरो बनवायला लागले.

हे काय असतं ते सांगते. विकतचा गेम म्हणजे शिवून तयार असलेला सदरा. आम्ही तो उसवायचो. गेमच्या पोटात एक भलीमोठी फाईल असते, तीत चित्रं, आवाज, अक्षरं सगळं ठासून भरलेलं. ती उघडायची, आतलं परदेशी शिपायाचं चित्र काढायचं आणि बरोबर त्याच मापाचं आपलं चित्र तिथं बसवायचं. मापात जरा चूक झाली की गेम सुरू होतानाच आडवा पडायचा. बंदूक गेली, तिथं निळ्या हातमोज्यातली मूठ आली, मुठीतून वीज निघाली, गळ्याशी लाल शेल्याची गाठ दिसली, की झाला सुपरहीरो. याला जगात मॉड म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमची गिऱ्हाइकं त्याला चोला म्हणायची, म्हणजे अंगरखा. “दीदी, नया चोला आया?”

कोणता सुपरहीरो, ते विचारू नका. परदेशी होता, टीव्हीवर यायचा, पोरं त्याच्यावर जीव टाकत. त्याचं नाव मी तेव्हाही कुठे लिहिलं नाही, आज तर मुळीच लिहिणार नाही. त्याचे वकील त्याच्यापेक्षा उंच उडतात म्हणे.

या कामात काशीची म्हणून एक अडचण होती. गेममध्ये उडणारे शत्रू होते, राक्षसाची नुसती मुंडकी. मी त्यांच्या जागी माकडं घातली. मंगला गौरीकडच्या गच्च्यांवर माकडांनी आमच्या पापडांचा जो छळ मांडला होता, त्याचा सूड उगवायची दुसरी सोय नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक आडदांड गृहस्थ जिना चढून आले. “हनुमानजी की सेना पर बिजली गिरवा रही हैं आप?” गुप्ताजींनी उभ्या उभ्या हात जोडले. माकडं काढली. मग काय घालायचं? उंदीर म्हटलं तर गणपती. कुत्रा म्हटलं तर काळभैरव. कावळा म्हटलं तर पितर. मी घुबड म्हटल्याबरोबर गुप्ताजी किंचाळले, “लक्ष्मीजी को तो हाथ मत लगाइए!” शेवटी डास केले, म्हशीएवढे. डासावर अजून कुठल्याही देवानं स्वारी केलेली नाही. पोरांना ते फार आवडले, आणि डासाच्या बाजूनं भांडायला कुणी जिना चढून आलं नाही.

आता चेहऱ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पडद्याच्या तळाला एक पट्टी असायची. किती ताकद उरली, किती वीज उरली, आणि मधोमध हीरोचा चेहरा. हा चेहरा जिवंत असायचा. डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा. मार लागला की रक्ताळायचा, आणखी लागला की सुजायचा, आणि शेवटी डोळे मिटायचा. म्हणजे एकाच चेहऱ्याची कितीतरी चित्रं रंगवावी लागत. पण चेहरा आणायचा कुणाचा? ओळखीच्याचा लावला तर भांडण. गुप्ताजींनी स्वतःचा सुचवला होता, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

खालच्या स्टुडिओत मिश्राजींकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. लोकांनी काढलेले आणि न्यायला न आलेले पासपोर्ट फोटो त्यात पडलेले असत. काशीत माणसं येतात, फोटो काढतात, मग त्यांचं काय होतं कोण जाणे. मिश्राजी म्हणाले, “ले जाइए, जिसका था वो तो आया नहीं.” मी एक निवडला. पंचविशीचा तरुण, उजवी भुवई मधोमध तुटलेली, कान जरा पुढे आलेले, आणि फोटो काढणाऱ्यावरही विश्वास नाही अशी नजर. ती नजर मला आपल्या घरची वाटली. हातानं फिरवायच्या स्कॅनरनं तो आत घेतला, हात हलला म्हणून चेहरा तिरका आला, तो सरळ केला, आणि गळ्याशी लाल शेला बांधला. पट्टीत बसून तो डावीकडे उजवीकडे बघायला लागला तेव्हा असं वाटलं, की याला जन्मभर हेच करायचं होतं.

हा चोला तुफान चालला. आणि चालला की चोरी आलीच. पंधरा दिवसांत माझा हीरो सिगऱ्याच्या गेम पार्लरमध्ये दिसला, मग लंका नावाच्या मोहल्ल्यात, मग लहुराबीरला. माझा संशय पहिल्यापासून कमलेशवर. कमलेश आमचा मशिनं दुरुस्त करणारा, जाड मिशांचा, बोलायला गोड. मी फ्लॉप्यांच्या डब्याला कुलूप लावलं, चावी गळ्यात घातली, झाकणावर स्वतःच्या डोक्याचा केस चिकटवून ठेवायला लागले. रोज केस जागेवर, आणि रोज चोला बाहेर. कमलेश मात्र विचारायचा, “दीदी, बाल बहुत झड़ रहा है आपका?”

अशा वातावरणात ते साहेब आले.

चाळिशीचे, पांढरा बुशशर्ट, काळी बॅग. जवळच्या बँकेत अधिकारी होते. बँकांत तेव्हा कॉम्प्युटर येऊ घातले होते, त्यासाठी क्लासची चौकशी करायला आले. बोलता बोलता त्यांची नजर बाजूच्या पडद्यावर गेली आणि वाक्य अर्धंच राहिलं. क्लासचं काही न ठरवता गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत परत आले, तासाचे पैसे भरले आणि गेमच्या मशिनीवर बसले. मग रोजच.

खेळत मात्र नव्हते. पहिल्याच खोलीत हीरोला एका कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून उभा करायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. डास आला की पळवायचे. चुकून डास चावला, पट्टीतल्या चेहऱ्यावर रक्त आलं, की घाईघाईनं गेम बंद करून पहिल्यापासून सुरू करायचे. पूर्ण तास हेच.

“ई आदमी खेलता नहीं है, दीदी,” कमलेश म्हणाला. “देखता है.” त्याच्या मते तो गेमच्या कंपनीचा माणूस होता आणि आता दिल्लीहून छापा पडणार होता. गुप्ताजींच्या मते विक्रीकराचा. मी एकदा सरळ विचारलं, आप खेलते क्यों नहीं? म्हणाले, “आँखों को आराम मिलता है.” आता त्या काळच्या पडद्यांनी भल्याभल्यांना चष्मे लागले, आणि याला आराम मिळतो! मी धूळ पुसायच्या मिषानं त्यांच्या मागे उभी राहायला लागले. एकदा मी पाहिलं, की त्यांनी बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या चेहऱ्याच्या भुवईवर ठेवलं.  हा चेहरा कुणाचा, कुठून आणला, याचीच चौकशी चाललीय, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला दांडी मारून मी हीरोला मुखवटा चढवला. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत काळा. सुपरहीरोला मुखवटा शोभतोच, कुणाला काही विचित्र वाटणार नव्हतं. चेहऱ्याची एकूण एक चित्रं झाकली, आणि मूळचा फोटो पर्समध्ये टाकला.

दुपारी ते आले, बसले. गेम सुरू झाला. आणि ते मोठ्यानं, स्वच्छ मराठीत म्हणाले, “अरे! चेहरा कुठं गेला त्याचा?”

मी तिथंच उखडले. “तुम्ही मराठी आहात? मग इतके दिवस हिंदी कशाला फाडत होतात?”

ते दचकले. म्हणाले, “तुम्ही तरी कुठं मराठी बोललात?”

हे खरं होतं, पण मी काही कबूल केलं नाही. काशीत मराठी घरातच बोलतात, दुकानात हिंदी. दोन मराठी माणसं वर्षभर एकमेकांशी हिंदीत घासाघीस करतील आणि कळणारही नाही. ते म्हणाले, “मराठी बोललं की लोक विचारतात, कुठले, घरी कोण कोण, भाऊ किती. मला तेच नको होतं.” नाव सांगितलं खानझोडे, अकोल्याचे. मग पाकिटातून एक फोटो काढून मशिनीवर ठेवला. तीच तुटलेली भुवई, तेच कान. “हा माझा धाकटा भाऊ. सुधीर. तुमच्या गेममध्ये आहे तो. म्हणजे होता, कालपर्यंत.”

फोटो कुणाच्याही पाकिटात असू शकतो, मी म्हटलं. ते म्हणाले, “हो, असू शकतो.” 

मग त्यांनी सांगितलं. घरी आई आणि हे दोघे भाऊ. आईच्या सोन्याच्या पाटल्या एक दिवस दिसेनाशा झाल्या. सुधीर तेव्हा नोकरीच्या शोधात घरीच बसलेला. खानझोड्यांनी शेजारपाजारच्यांसमोर त्याची ट्रंक अंगणात उलटी केली. ट्रंकेत काही निघालं नाही. तरी ते म्हणाले, विकल्या असशील. त्याच संध्याकाळी तो घरातून निघून गेला. आणि पुढच्या एकादशीला आईनं साबुदाण्याचा डबा उघडला तर पाटल्या आत. कामवालीच्या भीतीनं तिनंच खुपसल्या होत्या आणि विसरली होती. पुढे गावातलं कुणीतरी काशीयात्रा करून आलं, त्यांनी सांगितलं, तुमचा सुधीर घाटावर दिसल्यासारखा वाटला. म्हणून ह्यांनी बदली मागून घेतली. सुट्टीच्या दिवशी घाट धुंडायचे. आणि एक दिवस भाऊ दिसला तो गेममध्ये. “आई त्या पाटल्या घालत नाही,” ते म्हणाले, “आणि विकूही देत नाही. रोज विचारते, त्याला कळलं का, सापडल्या म्हणून?”

 मला भरून आलं, नाही असं नाही. पण डोळे भरले तरी कान उघडे ठेवावेत. मी विचारलं, “जाताना तो काहीतरी म्हणाला असेल ना?” ते म्हणाले, “काही नाही.” आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मिश्राजींना जाऊन विचारलं. त्यांना आठवलं ते एवढंच, “फोटो खिंचाया, पैसा दिया, आया नहीं.” ना नाव, ना पत्ता. खानझोडे म्हणाले, फोटो मोठा करून भिंतींवर लावू. मी म्हटलं, वा! जो माणूस पळून आलाय, त्यानं आपलं तोंड भिंतीवर बघितलं तर पुढची गाडी पकडेल. खरं कारण वेगळंच होतं. यांचं म्हणणं खरं कशावरून? एखाद्याला घर सोडायला लावणारा माणूस त्याला शोधायलाही निघतो, आणि दर वेळी मिठी मारायलाच निघतो असं नाही. त्या मुलाला यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्यावं, एवढं मला कळत होतं.

मी त्यांना विचारलं, “असं काय आहे, जे फक्त त्यालाच कळेल?”

त्यांनी विचारसुद्धा केला नाही. “पाटल्या सापडल्या,” म्हणाले.

गेममध्ये एकेक मजला जिंकला, की पडद्यावर एक इंग्रजी वाक्य यायचं. त्या जागी मी हे घालायचं ठरवलं. रोमन अक्षरांत, कारण गेमला दुसरी येत नव्हती. ठरल्या जागेपेक्षा एक अक्षर जास्त झालं तरी गेम मरतो. बोटांवर अक्षरं मोजताना मला माझे काका आठवले. ते घनपाठी वैदिक, अक्षर गाळलेलं आणि वाढवलेलं दोन्ही पाप. “पाटल्या सापडल्या” हे शब्द बसले, वर थोडी जागा उरली, ती मोकळी सोडली. मुखवटा काढला. चेहरा पूर्वीसारखा पट्टीत येऊन डावीकडे उजवीकडे बघायला लागला. माझ्या मनात हिशोब सरळ होता. गोष्ट खरी असेल तर त्याला कळेल. खोटी असेल तर कुणाचंच काही बिघडत नाही.

आता हा चोला गावभर जायला हवा होता. त्याची सोय माझ्या हाताशीच होती. एका दुपारी मी फ्लॉप्यांचा डबा सताड उघडा टाकला, कमलेशला ऐकू जाईल असं म्हटलं, चहा पिऊन येते, आणि चांगला वेळ लावून आले. फ्लॉपी जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कमलेशच माझ्याकडे आला, “दीदी, डिब्बा खुला काहे छोड़ देती हैं? कोई ले जाएगा.” मेला! ज्याला इतके दिवस चोर समजले, त्याला मी सापळा लावतेय असा संशय आला होता. मग मी डब्याला कुलूप लावलं, झाकणावर केस चिकटवला, आणि चावी टेबलावर विसरले. चहा पिऊन आले तर केस तिथंच होता, फक्त काळा होता. माझ्या डोक्यात तेव्हाच पांढरे डोकावायला लागले होते आणि त्या दिवशी मी मुद्दाम पांढरा लावला होता. चोरी झाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात दुसऱ्यांदा झालेला नाही.

पुढचं काम बनारसच्या पोरांनी केलं. मजला जिंकला की पडद्यावर हे वाक्य. “ई पाटल्या कौन है बे?” एक विचारायचा. दुसरा म्हणायचा, “हीरो की मेहरारू होगी. हेरा गई थी. सापडल्या माने मिल गई.” बायको हरवली होती, ती मिळाली! इतका बिनचूक अर्थ शिकवूनसुद्धा सांगता आला नसता. मग पोरं जिंकल्यावर एकसुरात ओरडायला लागली. पार्लरमधून तो ओरडा गल्लीत आला, गल्लीतून घाटावर. क्रिकेटमध्ये विकेट पडली की, “पाटल्या सापडल्याऽऽ!” एकदा आमच्याच दाराशी ओरडली, तर आई कणकेच्या हातांनी धावत बाहेर. “कुणाच्या गं? कुणाच्या सापडल्या?” तिला काय सांगणार, कप्पाळ?

दिवस गेले. खानझोडे रोज यायचे. आता मराठीत बोलायचे, आईचा फोन आला होता सांगायचे, आणि मग भावाला कोपऱ्यात उभं करून बसायचे. कुणीच आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. त्यांच्या बोलण्यातून “आला की” जाऊन “आला तर” आलं. मला वाईट वाटायचं, आणि आत कुठेतरी असंही वाटायचं, बघा, म्हणजे गोष्ट खोटी असेल.

मग एका दुपारी, बँकेची जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी, एक माणूस जिन्यात येऊन थांबला. दाढी वाढलेली, डोक्याला गमछा, अंगावर लाकडाचा भुसा. पलीकडे रामनगरला एका लाकडाच्या वखारीत कामाला होता, घाटावर नावेनं लाकूड पोचवायचा. हे नंतर कळलं. “वो पाटल्या वाला गेम यहीं बना है?” त्यानं विचारलं.

“आपको क्या काम?” मी म्हटलं.

तो आत आला. एका मशिनीवर पोरं खेळत होती, पट्टीत चेहरा होता. तो वाकून बघत राहिला. किती तरी वेळ. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाला, “कुठे सापडल्या?”

सगळ्या शहरानं ते वाक्य ओरडून झालं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.  तरी सवय जाते का? मी म्हटलं, “तुम्हीच सांगा.”

“उपासाच्या डब्यात,” तो म्हणाला. “साबुदाण्यात.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? आई सगळं तिथंच लपवते. मी दादाला म्हटलं होतं, एकदा तो डबा पालथा करून बघ. हात जोडून म्हटलं होतं. तो म्हणाला, चोराचं ऐकून स्वयंपाकघर उपसायचं का?” आणि मग माझ्याकडे बघून, “त्यानं हे सांगितलं नसेल तुम्हाला.”

नव्हतं सांगितलं. खानझोडे स्वच्छ चष्मा पुसायला लागले होते, ते हेच लपवायला. माझा संशय खरा निघाला, आणि असा खरा निघाला की नको झालं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, फोटो न्यायला का आला नाहीत? म्हणाला, एका नोकरीच्या अर्जावर लावायचा होता. अर्जात कायमचा पत्ता लिहायचा होता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि परत फिरला. “दादाला सांगा, मला कळलं म्हणून. बस, एवढंच.” आणि तो जिन्याकडे वळला.

मी माणसांना अडवणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी अडवलं. म्हटलं, “थांबा. तुमचा दादा रोज इथं येतो. पैसे भरून बसतो, पण खेळत नाही. तुम्हाला कोपऱ्यात उभं करतो आणि नुसता राखत बसतो. तुमच्या तोंडावर रक्त आलेलं त्याला बघवत नाही. एवढ्या दिवसांत त्यानं तुम्हाला एकदाही मरू दिलेलं नाही.”

तो पायरीवरच उभा राहिला. बाहेरच्या गल्लीतून सायकलरिक्षाची घंटी वाजत गेली. त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. “कधी येतो?” म्हणाला.

“जेवणाची सुट्टी झाली की.”

मी पोरांना उठवलं, खाली पिटाळलं. तो त्या खुर्चीवर बसला, स्वतःच्या तोंडासमोर. थोड्या वेळानं जिन्यात ओळखीची पावलं वाजली. खानझोडे वर आले, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. आपल्या खुर्चीवर कोण बसलंय ते बघायला दोन पावलं पुढे आले आणि थांबले. सुधीर उठला नाही, वळून बघत राहिला, पट्टीतला बघायचा तसा. खानझोड्यांनी बॅग खाली ठेवली. डबा हातातच होता. मला वाटलं ते रडतील, पाया पडतील, सापडल्या म्हणतील. ते एवढंच म्हणाले, “तू सांगितलं होतंस.”

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. शाळा सुटून पोरं येऊ लागली. मी म्हटलं, जाओ, बत्ती नहीं है. बनारसमध्ये यावर कुणी वाद घालत नाही. पण वरचा पंखा कुरकुरत होता, मशिनं घुमत होती, खाली सगळ्यांना ऐकू येत होतं. तेवढ्यात कमलेश कुठूनसा आला. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “बत्ती तो है, दीदी.”

मी डोळे पुसले.   मग तो माझ्या शेजारी पायरीवर बसला, मिशांवरून हात फिरवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “बत्ती नहीं है. शाम को आना.”